गाईची साखळी

पहिली चांदणी दिसेपर्यंत आमच्याकडे कुणी जेवत नाही.
दोरोता खिडकीला नाक लावून उभी,
काचेवर वाफ, वाफेत बोटाने काढलेलं मांजर.
ओराव्याच्या डोंगरांवर सकाळपासून ढग.
शेवटी तिने बंद पडलेल्या सॉ-मिलच्या फाटकावरचा दिवा दाखवला,
म्हणाली, हाच धरा.
धरला.

टेबलाच्या चारी पायांभोवती साखळी गुंडाळायची,
म्हणजे घर वर्षभर एकत्र राहतं.
ही मालिनाची. मालिनाला मार्चमध्ये विकलं.
व्यापाऱ्याने दावं मागितलं, ते दिलं.
साखळी मात्र रास्तोने कोटाखाली दडवली
आणि मला लिंझला फोन करून दबक्या आवाजात सांगितलं,
जणू बँक लुटून आला होता.

मी सगळ्यांच्या कपाळावर मधाचा क्रूस काढते.
मागच्या वर्षी हे काम रास्तोकडे होतं.
दोरोताच्या केसांत मध गेला, कात्री लावावी लागली.
तेव्हापासून दर खेपेला घरी आले
की आधी ती बट बघते:
जानेवारीत कानाच्या वर,
ईस्टरला कानाच्या पाळीशी,
आता हनुवटीला टेकलीय.
पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे,
आणि मधे एक बट.

सारापूर्वी प्रत्येकाने सरत्या वर्षातलं एक सांगायचं.
एकच. सासऱ्यांचा नियम,
घरात बारा माणसं होती आणि सार निवायचं तेव्हाचा.

क्रिश्तोफ म्हणतो, झिलिनाला रात्रपाळीत
तासाला साठ दरवाजे बसवतो.
अजून एकाही गाडीत बसलो नाही.
दोरोताचा शेवटचा दुधाचा दात पडला.
कुठे ठेवलाय ते ती सांगणार नाही.
रास्तो चमच्याकडे बघत राहतो. मग म्हणतो,
मिल बंद झाली त्या दुपारी
नदीचा आवाज घरापर्यंत आला.
नदी आहे हेच विसरलो होतो मी.

मी म्हणते, लिंझचे म्हातारे आइग्नर
दोन वर्षं मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे.
नोव्हेंबरात एकदा माझ्या नावाने मारली.
यावर काय बोलावं कुणाला सुचत नाही.
क्रिश्तोफ साराचं भांडं माझ्याकडे सरकवतो.

मग सफरचंद. आडवं कापायचं,
आत चांदणी निघाली तर वर्ष चांगलं.
यंदा चांदणीच्या मधोमध अळी,
जिवंत, पांढरी, आमच्यासारखीच दचकलेली.
कुणी काही बोलेना.
मागच्या वर्षी पाचही टोकं कशी नीट होती,
आणि मग मार्च. आणि मग एप्रिल.
वेंदेलीनने चाकू पुसला.
"चांदणी थाप मारते," म्हणाला, "तर हिलाही मारू दे."
अळी टोकावर उचलून कुंडीत सोडली,
सफरचंदाच्या पाच फोडी केल्या,
आणि सगळ्यात किडकी स्वतः खाल्ली,
करकर आवाज करत.

एक ताट जास्तीचं मांडतात,
वाटसरूसाठी, गेलेल्यांसाठी, कुणीही आलं तर.
मागच्या वर्षी ते माझं होतं.
म्हणजे कुणी तसं म्हणालं नाही,
पण ग्लासाला टेकवलेल्या फोनमधून मला दिसत होतं,
रास्तोने माशाचा खवला ताटाखाली सारला,
पैसा यावा म्हणून,
पाचांच्या नाही, सहाव्या ताटाखाली.
मी तिकडे आइग्नरांना चमच्याने खीर भरवत होते.

आज तिकडे मार्सेला आहे.
कोशित्सेच्या पलीकडे तिचं घर, दोन जुळे मुलगे.
त्यांच्याकडे चांदणी दिसली असेल का,
मध कुणी लावला असेल.

खिशात फोन थरथरतो.
जेवण संपेपर्यंत टेबलावरून उठायचं नाही,
उठायची मुभा फक्त घरच्या बाईला.
सगळे माझ्याकडे बघतात.
मी पाय जरा मागे घेते,
आणि खाली साखळी वाजते,
गोठ्यात मालिना कूस बदलायची तेव्हा वाजायची तशी.