खोळ

अठरा म्हणाले अमोसकाका भिंगारदिवे,
आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच साडेसोळावर आले.
शरणपुरातली तळमजल्याची खोली.
कोपऱ्यात ती पेटी :
दहा इंची चार स्पीकर, पुढे जाळी, जाळीला पोचा,
बाजूला पांढऱ्या रंगात ऑर्केस्ट्राचं नाव,
त्यातलं 'स्ट्रा' तेवढं शिल्लक.
छत्तीस किलो, म्हणाले. दोन माणसं लागतात,
किंवा एक माणूस आणि नंतर डॉक्टर.
त्यांच्या कमरेला पट्टा होता.

मी हिशेब करत होते.
सिडकोत तिसरा मजला, लिफ्ट नाही.
महिन्याला दोन कार्यक्रम, फार तर तीन,
माणशी अडीच हजार, त्यातूनच टेम्पो.
दाढेची कॅप सात हजार, मार्चपासून पुढे ढकललेली.
मी उजव्या बाजूने जेवते.

पण गिरणाऱ्याच्या वायनरीत, गेल्या शनिवारी,
साउंडवाल्या पोराने माझी वायर एका डबीत खुपसली,
म्हणाला, ताई, बाहेर सगळं ऐकू जातंय.
जात असेल.
मला माझी बोटं फक्त दिसत होती,
काचेपलीकडे बोलणाऱ्या माणसाच्या ओठांसारखी.
दोन तास मी अंदाजाने वाजवलं.
शेवटी एक बाई जवळ येऊन म्हणाल्या,
तुम्ही गात का नाही?

वाजवून बघ, म्हणाले काका.
चौथी तार मोकळी सोडली.
आवाज कानात नाही, आधी टाचेत आला.
मग कुठेतरी : झर्र.

अकरा वर्षं मी अंबडला बेअरिंगं तपासते.
पर्समध्ये लिपस्टिक नसते, स्क्रू ड्रायव्हर असतो.
बास काकांच्या हातात दिला. ते तार छेडत राहिले,
मी टोक पेटीला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला.
डावा वरचा, स्वच्छ. डावा खालचा, स्वच्छ.
उजवे दोन्ही. मागची फळी. एकूण एक स्क्रू.
झर्र चालूच.
काका हसले. पेटीत नाही गं, वर बघ.
कपाटावर चिवड्याचा डबा, झाकण सैल.
"तेवढ्या एकाच सुराला बोलतो.
हिने तीन डबे बदलले."

मग विकता कशाला, असं मी विचारलं नाही.
तरी ते म्हणाले, "चर्चमध्ये आता पोरगा
लॅपटॉपवरून बास सोडतो. कधी चुकत नाही."
चुकत नाही हे त्यांनी असं म्हटलं
जसं आजारी माणसाबद्दल सांगावं, जेवत नाही.

घरी विचारते, म्हणाले मी.
घरी आईच आहे, आणि तिला विचारणं म्हणजे सांगणं,
हे त्यांना कुठे ठाऊक.
इसारही घेतला नाही त्यांनी.
पेटीवरची खोळ काढून घडी केली.
"ही ने. घरात ठेवून बघ.
हिला जागा झाली तर फोन कर."

स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणली.
मुंबई नाक्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं,
तंबू का, ताई?

जाड रेक्झिन, आतून कांबळं, कोपऱ्यांना पत्रा :
रिकामी असूनही ती उभी राहते.
फ्रिज आणि शिलाई मशीनच्या मध्ये.
आईने तिच्यावर भाजीची पिशवी टेकवली,
पिशवी हळूहळू आत बसली.
"काय आहे आत?"
अजून काही नाही.
"मग जागा कशाला अडवलीस?"

तीन दिवस झाले. आम्ही दोघी तिला वळसा घालून चालतो.
आई तर अंधारातही, पाणी प्यायला उठली की,
न धडकता.

काल रात्री बास मांडीवर घेतला,
वायर जोडली नाही,
चौथी तार मोकळी सोडली आणि बोट ठेवून थांबवली.
मग स्वयंपाकघरात जाऊन
डब्यांची झाकणं एकेक करून
घट्ट लावून आले.