कोबीचं पान

ताप आला की मार्गिता आत्या लिंडनची फुलं उकळते.
खोकल्याला हंसाची चरबी. गळवाला
वाटेकडचं रुंद पान, आधी स्वतः चावून.
दाढ ठणकली तर पालेंका:
अर्धा घोट दाढेला, अर्धा आत्याला.
वस्तीतली पोरं तिच्या हातची वाढली.
दोन तिच्याच हातची दगावली.
हेही सांगायला हवं. तीही नाकारत नाही.

गावाबाहेर, ओढ्यापलीकडे आमची रोमा वस्ती.
डांबरी रस्ता पुलाशी थांबतो. अँब्युलन्सही.
मी शहरातल्या इस्पितळात दुभाषी,
गळ्यात ओळखपत्र, त्यावर माझा हसरा फोटो.
आत्या म्हणते, हसतेस कशाला त्यांच्याकडे बघून?

एकवीस वर्षांची होती.
दुसरं बाळ आडवं आलेलं,
डोळ्यांवर दिवे, पोटात कळा,
कोणीतरी हातात पेन दिलं. सही कर, नाहीतर मरशील.
तिनं केली. मार्गिता,
आणि आडनावाच्या जागी एक लांब कळ.

त्यानंतर नऊ वर्षं
पाळी चुकायची वाट बघत ती रास्पबेरीचा पाला प्यायली.
गेझानं दोनदा घर सोडलं, एकदा परत आला.
मग एका तरुण डॉक्टरणीनं
फाइल चाळता चाळता सहज विचारलं,
नळ्या बांधून घेतल्यात ना तुम्ही?

घेतल्यात.
त्या क्रियापदाशी आत्या अजून भांडते आहे.
तेव्हापासून डोकेदुखीची साधी गोळीही नाही.

आता डाव्या स्तनात गाठ.
मला कळलं ते वासानं.
मिठी मारली, तर ब्लाउजमधून
शिजायला घातल्यासारखा कोबीचा वास.
हिरवं पान, शिरा लाटण्यानं ठेचलेल्या,
रात्रभर गाठीवर. सकाळी कोमेजून निघतं
आणि ती म्हणते, बघ, ओढून घेतंय.
मी म्हणते, आत्या, अंगाच्या उबेनं कोमेजतं ते.
ती म्हणते, ऊब आहे ना अजून? मग झालं.

तिच्या चुकीच्या गोष्टी मला खोडता येतात.
जी एक बरोबर आहे, ती कशी खोडू?

मार्चमध्ये, तळघरातला कोबी संपत आला तेव्हा,
ती स्वतःहून पुलापर्यंत चालत आली,
चांगला रुमाल बांधून,
बटाटे आणायला निघाल्यासारखी.
बसमध्ये एक शब्द बोलली नाही.
कोटाच्या आत पान होतं. मला वास येत होता.

काउंटरवर तोच कागद.
नवा छापलेला, गुळगुळीत, पण तोच.
नर्स म्हणाली, इथे सही, इथे, आणि मागच्या बाजूला.
आत्या खुर्चीत बसली. पेन माझ्या हातात दिलं.
वाच.
सगळं. बारीक अक्षरातलंही. आपल्या भाषेत.

मागे रांग वाढत होती. नर्सची बोटं टेबलावर.
मी वाचत गेले. भूल. टाके. रक्त द्यावं लागलं तर.
मग 'संमती'शी येऊन अडखळले.
अकरा वर्षं हे काम करते,
आणि दर वेळी हा एक शब्द
स्लोव्हाकमध्येच ठेवून पुढे सरकले आहे.

म्हणजे काय?
म्हणजे, तू हो म्हणतेस, असं.
आणि नाही म्हटलं तर?

मी नर्सकडे पाहिलं. नर्सनं घड्याळाकडे.
तर घरी जायचं, मी म्हणाले.
जशी आलीस तशी.

आत्यानं रुमालाची गाठ सोडली,
परत बांधली, जरा घट्ट.
रांगेतला कोणीतरी खाकरला.

पुन्हा वाच, ती म्हणाली,
त्या शब्दापासून.