फुटामागं एक सूत

मैनुद्दीन, तू मस्कतहून विचारलंस:
अल्बम ऐकला. दोनदा. स्वच्छ आहे.
पण त्या रात्री तुम्ही फोनवर
एकावर एक ओरडून जे सांगत होता
ते ह्यात कुठं आहे?

मी गाण्यातला माणूस नव्हे.
उद्यमबागेत पॅटर्न करतो, सागवानाचे,
पंपाची बॉडी, व्हॉल्व्हचं झाकण.
क्युपोला बँडशी माझा संबंध एवढाच
की शेड आमच्या मालकाची
आणि किल्ली माझ्याकडं.

बीड ओतली की निवताना आकसते.
म्हणून आमची पट्टीच खोटी असते बघ,
फुटामागं एक सूत जास्त.
लाकूड मोठं कापायचं,
तेव्हा कुठं लोखंड मापात उतरतं.
आयव्हनला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्यानं आठ माइक लावले
आणि रात्र जेवढी होती तेवढीच मापली.

ड्रम आहेत. इराण्णाचा डावा हात
किंचित मागं पडतो, तोसुद्धा आहे.
सुनेत्राचा आवाज दुसऱ्या कडव्यात फाटतो,
आयव्हननं तो शिवला नाही, बरं केलं.
बास तुझाच होता. वाजवला चिकोडीच्या पोरानं,
तू चिकटवलेल्या पांढऱ्या टिकल्यांकडं बघत बघत.
आणि वर पत्रा होता.
बासची जाड तार लागली की
आढ्यावर साठलेली बारा वर्षांची काळी वाळू
सुटायची, पिठासारखी,
दिव्याच्या झोतात दिसायची, मग केसांत,
मग दातांत.
घरी येऊन चूळ भरली
तर बेसिनमध्ये तिसरं गाणं.

शेवटाला निम्मी शेड 'आणखी एक' ओरडत होती,
निम्मी 'इन्नोंदु',
आणि मधे बरेचजण दोन्ही.
दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर वर
ह्यावरून सकाळी ज्यांची जुंपली होती
ते दोघंही होते, घामानं ओले,
एकाच बाटलीतलं पाणी पीत.
अल्बमवर ते सगळं
तापल्या तव्यावर पाणी मारल्यागत वाजतं. चर्र.
कोण काय मागतंय ते कळत नाही.

आयव्हन म्हणाला, आवाज वाढवून ऐक.
रविवारी त्याच शेडमध्ये, त्याच पेट्यांवर लावला.
मी, निंगाप्पा, इराण्णा, आणि वॉचमनचं कुत्रं.
सूत सूत करत बटण फिरवत नेलं, टोकापर्यंत.
कुत्रं उठून गेलं.
वाळू पडली नाही.
निंगाप्पा वर बघत म्हणाला,
माणसं भरली की पत्रा तापतो, तेव्हा सुटते ती.
मग आम्ही चहाला गेलो. कुणी काही बोललं नाही,
इराण्णा तेवढा टेबलावर बोटं वाजवत होता,
डावा हात मागं पडत.

तेव्हा तुला काय सांगू, आहे का नाही?
ओतीव माल हातात आल्यावर
भट्टीचा रंग विचारू नये म्हणतात.
मी विचारतो. रोज विचारतो,
पण तो माझा धंदा झाला.

एक कर.
पाचव्या गाण्याआधी, छत्तिसाव्या मिनिटाला,
सुनेत्रा पाणी पिते तिथं
एक घोगरा आवाज येतो: 'सरक की बा थोडं.'
तो मी.
पुढं कोण होता आठवत नाही,
उंच होता, पाठीवर शर्ट चिकटलेला.
सरकला तो. सरकण्याचा आवाज नाही,
पण त्यानंतरची टाळी
एकदम जवळून येते, माझ्याच हातांची.

तिथं आलास की
खोलीत एकटा असलास तरी
तूही जरा डावीकडं सरक.