भेगेसाठी कागद

त्र्याण्णव सालच्या एका रात्रपाळीला
अब्दुलगनी तंबोरा घेऊन आले, घोंगडीत गुंडाळून,
पेशंट आणावा तसा.
भोपळा आतून कुठंतरी गेलाय म्हणाले,
तार लावली की कण्हतो.
मी रजिस्टरात लिहिलं, नाव : तंबोरा. वय : नवीन.
पुढचा रकाना रिकामा सोडला
आणि एक्स-रे काढला.

ती फिल्म निवृत्तीच्या दिवशी
पेन्शनच्या फायलीतून घरी आली.

आता मिरजेतल्या आमच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत
काच, चिमटे, दोन बाटल्या, एक रुंद ब्रश.
बाथरूमच्या अंधारात वाळणारे पिवळट कागद,
आणि दाराबाहेरून बायको :
आज तरी आंघोळ होणार का माझी?

ऊन बारा मिनिटं. मग बादली.
बोअरचं पाणी जड, म्हणून लिंबू पिळायचं.

शाळेच्या दुकानातला ड्रॉइंग पेपर
दुसऱ्याच पाण्यात सायीसारखा हाताला आला.
बॉण्डवर निळा असा चढला
की मी जिन्यातून हाक मारली, बघायला या गं.
सकाळी तिथं चहा सांडल्यासारखा डाग.
गोरं दिसायला त्याच्या पोटात चुना घालतात,
तो निळ्याला खातो.

पुतण्यानं परदेशातून एकच ताव आणला, सुती, जाड.
त्याचे चार तुकडे करताना
भावाभावांत जमीन वाटल्यासारखं झालं.
त्यावर भोपळा निळा, भेग पांढरी,
डॉक्टरनं पेन्सिलीनं दाखवावी इतकी स्वच्छ.

हातकागदाला खळ कमी पडली होती.
त्याच्यावर सगळ्याच भेगा.
खरी कुठली, मलाच सांगता येईना,
आणि तीस वर्षं मी तेवढ्यावरच पोट भरलं.

राहिली सांगलीच्या हळदपेठेतल्या
बंद पडलेल्या पेढीची वही. मागची पानं कोरी,
समासाला लाल रेघ.

रविवारी शाहेदा आली, अब्दुलगनींची धाकटी.
दुकान आता तीच बघते.
तिनं चित्रं पाहिलीच नाहीत.
एकेक कागद कोपऱ्याला धरून कानाशी नेला,
मागून नखानं टिचकी मारली.
परदेशी : ठप्प.
हातकागद : ओला पंचा.
पेढीचं पान काहीतरी बोललं.
तिनं परत एकदा विचारलं त्याला.
हा द्या, म्हणाली. कुणीतरी नीट वाळवलाय.

मी म्हटलं, पण यात भेग धड येत नाही,
लाल रेघ मधून जाते.

भेग अब्बांनी तेव्हाच बुजवली की, काका.

ती गेल्यावर वहीतली कोरी पानं मोजली. अकरा.
त्यांच्या आधीच्या पानावर तोलाईचा हिशेब,
पोत्यामागं पावशेर कमी,
खाली सही, न लागणारी.
ऊन अजून एका कागदापुरतं होतं.