उद्यमबागेत दोन पाहुणे

डेरेक मंगळवारी आला, हसतच उतरला गाडीतून,
गेटवरच्या सिद्राईचंसुद्धा नाव विचारलं.
पंपाचं कवच हातात फिरवत म्हणाला, छान. फारच छान.
कडेच्या जाडीबद्दल एक बारीकसा विचार आहे फक्त,
बघाल तुम्ही सवडीनं.
मी भाषांतर केलं : छान म्हणतोय.
मोनाप्पा मालकांनी पेढे मागवले.

आर्कादी गुरुवारी.
मी दारातनंच हात पुढं केला, तर मनगट धरून आत ओढलं मला :
उंबऱ्यावर नाही.
हे रशियातही असतं?
कवचावर टिचकी मारली, कान लावला,
म्हणाला, वाईट.
इंग्रजी त्याचंही माझ्यासारखंच, तुटकं,
पण या शब्दाला तो अडखळला नाही.
मालकांचा चेहरा, भट्टी विझल्यागत.
मी अजून मऊ शब्द शोधतच होतो
तोवर कोट काढून तो वाळूत बसलेला,
मूठ आवळून, उघडून : पाणी जास्त.
रात्री साडेदहापर्यंत.
यल्लव्वाच्या ठेच्यानं डोळे गळायला लागले
तरी तोंड तसंच, दगडी.
मग फोनमधला फोटो दाखवला : बर्फात भोक पाडून
मासे धरणारा म्हातारा. बाप. गेला, म्हणाला,
आणि तिथं पहिल्यांदा हसला.

दोन महिन्यांनी डेरेकचं पत्र. काम दुसरीकडं दिलं.
फोनवर त्याचा आवाज खरोखर दुखावलेला :
त्या दिवशीच सांगितलं होतं की मी, स्पष्ट.
बारीकसा विचार!
कापसात गुंडाळून धोंडा दिला होता त्यानं
आणि मी कापूस तेवढा पोचवला.

आर्कादीनं विचारलेलं, दिवाळीआधी होईल?
मालक म्हणाले होते, होतंय की.
आता आमचं 'होतंय की' कुठल्या भाषेत घालायचं?
मी 'हो' घातलं.
तीन आठवडे उशीर झाला. त्याची एकच ओळ आली :
तुम्ही खोटं बोललात.
मालक त्या दिवशी जेवले नाहीत.
डेरेकनं नवीन वर्षाचं कार्ड पाठवलं, ते अजून
ऑफिसात, गणपतीच्या फोटोमागं खोचलेलं आहे.

घरी गेलो. सावक्का म्हणाली, आमटी कशी झाल्या?
हं, बरी हाय.
ती उठली, काही न बोलता
मिठाचा डबा आणून ताटाशी ठेवला.

आमटी खरंच बरी होती.