कोणी धरलंय

रात्री सव्वादोनला जॉबर इरेशचा फोन,
‘चौदा नंबर डिझाईन घेईना बे,
डिस्क भरली म्हणलालंय.’
अक्कलकोट रोडवर या वेळी कुत्री आणि टेम्पो.
मे महिना. पत्र्याखाली मागांचा खडखडाट,
सर्व्हरच्या खोलीत कूलर, पाणी संपलेला.

संध्याकाळीच मी जुन्या फायली उडवल्या होत्या.
यादीतून नावं गेली,
जागा मात्र आली नाही.
कारखान्यासमोरची टॉकीज पाडून आठ वर्षं झाली,
शेअर रिक्षा अजून ‘टॉकीज, टॉकीज’ ओरडत
तिथंच थांबते,
आणि माणसंही उतरतात.

नाव पुसणं वेगळं, हात सुटणं वेगळं.
एखादी प्रोसेस फाईल उघडी धरून बसली असेल
तर ती फाईल मेलेली नसते,
नुसती बेपत्ता असते.

म्हणून विचारलं मशीनला: कोणी काय धरलंय?
पडदा भरून ओळी.
हिशेबवाला हजेरीचं रजिस्टर धरून,
बॅकअप सगळ्यांच्या खिशात हात घालून,
प्रिंटर मागच्या दिवाळीतल्या एका पावतीला चिकटून.
तळाजवळ एक ओळ:
मोर, तिसरा. सदतीस जीबी. पुसलेली.
धरणारा: यादगिरी.
दोनशे अकरा दिवसांपासून.

यादगिरी चिलका. आमचा डिझायनर.
कॉम्प्युटर यायच्या आधी हातानं पत्ते पंच करायचा,
भोकावर बोट फिरवून सांगायचा, इथं धागा चुकणार.
मालक म्हणाले, मोर कोण घेतो आता,
हॉटेलवाल्यांना पांढरा टॉवेल लागतो, कोपऱ्यात नाव.
डोळ्यांचंही निमित्त होतंच.
दिवाळीच्या तोंडावर तो लेकीकडे गेला, सिरसिल्ल्याला.
स्क्रीन बंद केली. काम बंद केलं नाही.
आणि ते काम दर मिनिटाला
काहीही बदललं नसताना
स्वतःची नोंद करत राहिलं.
तीन लाखांहून जास्त वेळा
तोच मोर.

हात सुटला की फाईल कायमची गेली.
सुटायच्या आधी मात्र त्याच हातातून
प्रत काढून घेता येते, हे थोड्यांना माहीत असतं.
मी शेवटची नोंद तेवढी पेनड्राइव्हवर घेतली.
मग सांगून पाहिलं: सोड.
ऐकलं नाही.
परत सांगितलं.
मग नऊ नंबरचा हुकूम दिला,
त्यापुढं कोणाचंच काही चालत नाही.

सदतीस जीबी एका क्षणात मोकळे.
चौदा नंबर सुरू झाला,
पांढरा टॉवेल, कोपऱ्यात नाव.
इरेशनं कटिंग आणला, विचारलं, ‘कोण धरलंतं बे?’
मी म्हणालो, जुनी प्रोसेस होती एक.
रजिस्टरमध्येही तेच लिहिलं.

सकाळी दहाला सिरसिल्ल्याला फोन लावला.
म्हटलं, मामा, तुमचा मोर सापडला.
बराच वेळ तिकडं नातवंडांचा गलका, कुकरची शिट्टी.
मग म्हणाला, ‘डावा पाय झाला का त्याचा?’
मी पडद्यावर मोठा करून पाहिला.
पिसारा पूर्ण, डोळा पूर्ण,
डाव्या पायाच्या जागी कोरे चौकोन.

‘नाही,’ म्हटलं.

‘मग बंद कशाला केलास रा.’