रकाना

मुलाखतीत म्हणाले, स्वतःबद्दल काहीतरी सांगा.
मी सांगितलं:
वय एकतीस, रक्तगट बी पॉझिटिव्ह,
घरापासून म्हापशाच्या बसस्टँडपर्यंत दोन हजार एकशे चार पावलं,
पावसात एकशे चाळीस जास्त,
कारण धुळेरला पाणी साचतं, वळसा पडतो.
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
मी टेबलाच्या कडेला सुटलेल्या सनमायकाकडे.
कळवतो म्हणाले.
पाच दिवस मी फोन अंगावेगळा केला नाही,
आंघोळीलाही पिशवीत घालून नेला.
'कळवतो' म्हणजे 'नाही'
हे आईने सहाव्या दिवशी सांगितलं,
भात वाढता वाढता, माझ्याकडे न बघता.

असे सात 'कळवतो'.
आठवी जागा कळंगुटला, हॉटेलच्या काउंटरवर.
तिथे हसायचं होतं.
पाहुण्याने विचारलं, खोली कशी आहे?
म्हटलं, दोनशे सहा गळते, दोनशे नऊ घ्या.
साडेतीन दिवस.

मग इनासियोची लाँड्री,
हॉटेलांच्या पाठीमागे, माडांत, पत्र्याची शेड.
अकरा हॉटेलांच्या चादरी.
त्याने काहीच विचारलं नाही.
गाठोडं सोडलं नि म्हणाला, मेज.
मी मोजल्या.
चादरी एकशे अठ्ठ्याऐंशी, अभ्रे दोनशे दोन,
पैकी एक आपला नव्हे, शिवण वेगळी आहे.
प्रज्योत, सोमवारी ये.
किती वाजता?
आठ-साडेआठ.
यातलं कुठलं?
तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, आठ दहा.
चार वर्षं झाली.
आठ दहा.

नोकरी लागली, हे एका वाक्यात सांगता येतं.
टिकली, हे येत नाही.
तीन नंबरच्या ड्रायरचा पट्टा किंचाळतो तेव्हा
मी मागच्या दाराशी जातो,
गरम टॉवेलात तोंड खुपसून चाळीस आकडे मोजतो,
परत येतो.
पहिल्या वर्षी सगळे विचारायचे, मग हसायचे,
मग कंटाळले.
कंटाळा फार दयाळू असतो.
चतुर्थीच्या सुट्टीनंतर माझं टेबल खिडकीपाशी हलवलेलं होतं,
वारा लागावा म्हणून. माझ्या भल्यासाठी.
मी तासभर शेडच्या बाहेर उभा.

आणि सबिनाची गोष्ट.
दोन महिन्यांत सतरा टॉवेल कमी.
आकडा होता, मी सगळ्यांदेखत सांगितला.
कोण नेतं तेही सांगितलं, कारण इनासियोने विचारलं.
टॉवेल फाटके होते.
तिची आई अंथरुणाला खिळलीय.
दोन्ही मला ठाऊक होतं,
पण ते कुणी विचारलं नव्हतं.

तिचा तीन दिवसांचा पगार कापला.
ती मला काही बोलली नाही.
फक्त माझ्या डब्याशेजारी डबा ठेवायची,
ते थांबलं.
दोन डब्यांमधलं अंतर
मी मोजलं नाही.

आठवडाभर झोप नाही.
खोटं मला जमत नाही, ते शिकवूनही झालं आहे लहानपणी.
मग एका सकाळी रजिस्टरात पट्टीने उभी रेघ मारली
आणि वर लिहिलं: फाटके, मोजणीतून बाद.
इनासियोने बराच वेळ पाहिलं.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
सही केली.

आता दर शनिवारी मी बाद टॉवेल
मागच्या दाराशी ठेवतो. घडी तिहेरी, कडा आत.
सोमवारी तिथे नसतात.
कोण नेतं,
याला रकाना नाही.

सबिना अजून फारशी बोलत नाही.
काल ड्रायर किंचाळला तेव्हा
हातातली चादर तशीच टाकून धावली,
बटण दाबलं.
मी अकरावर होतो.
शांत झालं सगळं.
उरलेले एकोणतीस
तरीही मोजले.